सोनोरा वाळवंटातील वसंतफुले आणि हमिंगबर्ड

सोनोरा वाळवंट अमेरिकेतील ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया या राज्यांच्या दक्षिण भागात, तसेच मेक्सिकोच्या सोनोरा व बाहा कॅलिफोर्निया प्रांतांत पसरलेले आहे. याच्या बऱ्याच भागात पाऊस वर्षातून दोनदा पडतो. हिवाळ्यात प्रशांत महासागरावरून रिमझिम येते आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये वादळी सरी कोसळतात. वसंतातला फुलोरा मुख्यतः हिवाळी पावसावर अवलंबून असतो. फेब्रुवारी ते मे या काळात येथे दोन प्रकारची फुले येतात. फुलांतला मध पिणाऱ्या इवल्याशा हमिंगबर्ड पक्ष्यांच्या दृष्टीने या दोन प्रकारांत मोठा फरक आहे.

पहिला प्रकार हंगामी रोपांचा. सोनेरी पॉपी, जांभळे ल्युपिन, वाळूवर पसरणारे गुलाबी व्हर्बिना, पांढरे प्रिमरोझ ही ती फुले. यांचे बी वर्षानुवर्षे मातीत पडून राहते. शरद ऋतूत साधारण 25 मिलिमीटर पाऊस एका दमात झाला, तरच बहुतेक बियांना अंकुर फुटतो. एकाच जातीचे सगळे बी एकाच वर्षी रुजत नाही. काही बी मागे राहते, त्यामुळे रुजल्यावर पाऊस दगा देऊन गेला तरी वंश बुडत नाही. ॲरिझोनातील तूसॉन शहराजवळच्या तुमामोक टेकडीवर 1903 साली स्थापन झालेल्या वाळवंट प्रयोगशाळेच्या परिसरात या रोपांच्या नोंदी अनेक दशके ठेवल्या गेल्या आहेत. पाऊस मनासारखा झाला की मैलोन्‌मैल गालिचे पसरतात. 2017 आणि 2019 साली कॅलिफोर्नियातील आन्झा-बोरेगो उद्यानात असा बहर आला आणि तो पाहायला माणसांची रीघ लागली.

छायाचित्रांत गाजतात ते हे गालिचे. हमिंगबर्डचे पोट मात्र त्यांवर भरत नाही. पॉपीच्या फुलात मध नसतोच, फक्त पराग असतो. गालिच्यातली बाकीची फुलेही मुख्यतः मधमाश्या, फुलपाखरे आणि पतंगांसाठी असतात.

हमिंगबर्डला पोसतो तो दुसरा प्रकार, म्हणजे बहुवर्षायू झुडपे आणि रोपे. कोरड्या ओढ्यांच्या काठी वाढणारे चुपारोसा, खडकाळ उतारांवरचा ओकोटियो, पेनस्टेमॉन आणि काटेरी लिसियम ही त्यांतली महत्त्वाची. ओकोटियो वर्षातला बराच काळ वाळक्या काटेरी छड्यांची जुडी वाटतो. पाऊस पडला की काही दिवसांतच त्याला पाने फुटतात आणि ओल सरली की गळून जातात. फुले मात्र पानांची वाट पाहत नाहीत. अवर्षणाच्या वर्षीही मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक छडीच्या टोकाला लाल नळीदार फुलांचा तुरा येतो. नळीतून पुंकेसर बाहेर डोकावतात; पक्षी चोच आत घालतो तेव्हा त्याच्या कपाळाला पिवळे पराग लागतात आणि पुढच्या फुलापर्यंत पोहोचतात. मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना तो लांबूनही ठळक दिसतो.

वाळवंटाशी सर्वांत घट्ट नाते कोस्टा हमिंगबर्डचे. वजन जेमतेम 3 ग्रॅम. नराच्या गळ्यावरची जांभळी पिसे दोन्ही बाजूंना मिशांसारखी लांब असतात. ऊन विशिष्ट कोनातून पडले तरच ती झळकतात, एरवी काळपट दिसतात. चुपारोसा फुलत असतानाच, हिवाळा सरता सरता, मादी कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी एवढेसे घरटे विणते आणि दोन पांढरी अंडी घालते. उबवणे, भरवणे सगळे तीच करते. पिल्लांना प्रथिने हवीत म्हणून ती बारीक किडे टिपते. नुसत्या मधावर पिल्ले वाढत नाहीत. थंडीच्या रात्री हे पक्षी मूर्च्छेसारख्या अवस्थेत जातात. एरवी मिनिटाला शेकडो ठोके देणारे हृदय तेव्हा पन्नासेक ठोक्यांवर येते. उन्हाळा तापू लागताच बहुतेक कोस्टा किनाऱ्याकडच्या झुडपी टेकड्यांत निघून जातात.

रूफस हमिंगबर्ड येथे वाटसरू म्हणून येतो. मेक्सिकोतला हिवाळा संपवून तो थेट अलास्कापर्यंत जातो आणि ओकोटियोचे तुरे हा त्याच्या वाटेवरचा भरवशाचा मुक्काम असतो.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. महाराष्ट्रात जास्वंदीपुढे फडफडणाऱ्या शिंजिराला अनेकजण हमिंगबर्ड म्हणतात, पण त्याचे कुळ वेगळे आहे. मधासाठी लांब चोच दोघांनाही स्वतंत्रपणे लाभली. हमिंगबर्डचा जवळचा नातलग म्हणजे आपल्या आभाळात दिवसभर भिरभिरणारा पाकोळी पक्षी.

या फुलोऱ्यावरचे संकट बाहेरून आलेल्या वनस्पतींचे आहे. सहारा मोहरी रेताड भागात हंगामी रोपांची जागा बळकावते. डोंगरउतारांवर गेल्या शतकात चाऱ्यासाठी आणलेले बफेल गवत माजले आहे. भारतात हेच गवत अंजन म्हणून ओळखले जाते आणि गुरांसाठी ते उत्तम मानतात. सोनोरात ते झुडपांमधली मोकळी जमीन भरून टाकते आणि वाळले की वणवा पेटता ठेवते. इथल्या मूळ झाडांना आगीची सवय नाही. तूसॉनजवळच्या सग्वारो राष्ट्रीय उद्यानात स्वयंसेवक हे गवत मुळासकट खणून काढतात. मोठ्या पट्ट्यांवर तणनाशक फवारले जाते.