कल्चर कोरं, सांधा सुजलेला: आयजीए काय सांगतं?

जुलाब थांबून दोन-तीन आठवडे उलटलेले असतात आणि अचानक गुडघा किंवा घोटा टम्म सुजतो. सांध्यातलं पाणी सुईने काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीला, लावावं, तर काहीच उगवत नाही. हा रिअ‍ॅक्टिव्ह संधिवात, म्हणजे शरीरात दुसरीकडे झालेल्या संसर्गामागून येणारी सांधेसूज. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, यर्सिनिया हे आतड्यातले आणि क्लॅमिडिया हा जननमूत्रमार्गातला, हे त्यामागचे नेहमीचे जीवाणू. सांध्यात जंतू वाढत नसल्याने माग काढावा लागतो तो रक्तातल्या प्रतिपिंडांवरून (अँटिबॉडीजवरून).

त्यांत सर्वांत बोलकं आयजीए. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य (प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ) जेमतेम 6 दिवस, तर आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाचं सुमारे 21. म्हणजे उत्पादन थांबलं, तर महिन्याभरात आयजीए बत्तिसाव्या हिश्शावर यायला हवं. यर्सिनियाच्या संसर्गानंतर सांधे न धरलेल्यांत ते तसं उतरतंही. सांधे धरलेल्यांत मात्र महिनोन्‌महिने चढंच राहतं. म्हणजे ते रोज नव्याने तयार होतंय! आयजीए बनवणाऱ्या पेशींचं मोठं ठाणं आतड्याचं अस्तर, त्यामुळे जंतू किंवा त्याचे अवशेष तिथेच दडून असावेत, असा तर्क निघतो. 1989 मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या सांध्यातल्या पांढऱ्या पेशींमध्येही यर्सिनियाचे अंश दाखवले. कल्चर कोरं असलं, तरी सांधा पूर्ण रिकामा नव्हता.

तपासणीत रक्ताचा एकच नमुना फसवतो. पहिल्या नमुन्याचं सीरम गोठवून ठेवावं, 2 ते 4 आठवड्यांनी दुसरा घ्यावा आणि दोन्ही एकत्रच तपासावेत. टायटर, म्हणजे सीरम किती पातळ करूनही प्रतिपिंडं दिसतात ते माप, 1:40 वरून 1:160 वर गेलं, तर ती चौपट वाढ खरी. 1:80 पर्यंतचा फरक चाचणीच्या चुकीतही बसतो. गोची अशी, की सांधा सुजेपर्यंत टायटर कधीकधी शिखरावर पोहोचलेलं असतं, मग वाढ दिसतच नाही. दुसरी फसगत यर्सिनियाच्या ओ:9 प्रकाराची. त्याच्या बाह्यावरणातली शर्करासाखळी ब्रुसेला या दुसऱ्या जीवाणूसारखीच असल्याने एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या चाचणीत उमटतात. ब्रुसेलाही सांधे धरतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात, म्हणून हा घोळ सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ताप असेल आणि सांध्यातल्या पाण्यात दर मायक्रोलिटरला 50,000 हून अधिक पांढऱ्या पेशी असतील, तर प्रतिपिंडांच्या अहवालाची वाट बघायची नाही. तो सांध्यातला थेट जंतुसंसर्ग समजून लगेच उपचार सुरू करायचे. सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, काही दिवसांतच झिजून जाते.