हवामानातले ‘मान’

‘हवामान’ या एका शब्दाकडून आपण मराठीत दोन वेगळी कामे करून घेतो. ‘उद्या हवामान ढगाळ राहील’ असे आपण म्हणतो आणि ‘कोकणचे हवामान दमट आहे’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात एका दिवसाची गोष्ट आहे, तर दुसऱ्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. पहिल्या अर्थासाठी बोलण्यात ‘आज हवा कुंद आहे’ यातला साधा ‘हवा’ हा शब्द पुरतो. हवामानातले ‘मान’ मात्र तापमान, पर्जन्यमान, आयुर्मान या शब्दांतले, म्हणजे मोजमापाचे आहे. एखादी आजी पंच्याण्णव वर्षे जगली म्हणून साऱ्या गावाचे सरासरी आयुर्मान पंच्याण्णव ठरत नाही. त्याच न्यायाने, जानेवारीत चार दिवस कडाक्याची थंडी पडली म्हणून पृथ्वी तापत नसल्याचे सिद्ध होत नाही.

हे मान ठरते कसे? वेधशाळेच्या मोकळ्या आवारात जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या भिंती असलेली एक पांढरी लाकडी पेटी असते आणि तिच्यात तापमापक ठेवलेले असतात. आपल्याकडे पेटीचे दार उत्तरेला असते, म्हणजे ते उघडले तरी ऊन थेट तापमापकावर पडत नाही. जवळच पर्जन्यमापक असतो. वर नरसाळे आणि खाली पाणी साठवणारी बाटली. सकाळी साडेआठ वाजता बाटलीतले पाणी मोजपात्रात ओतून आधीच्या चोवीस तासांचा पाऊस वहीत नोंदवला जातो. (एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे लक्षात ठेवले की बातम्यांतले आकडे डोळ्यांसमोर उभे राहतात.) अनेक ठिकाणी आता हे काम स्वयंचलित यंत्रे करतात, पण तत्त्व तेच आहे. त्या सकाळचा आकडा ही हवा झाली. अशा तीस वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या की त्या जागेचे हवामान कळते. जागतिक हवामान संघटनेने त्यासाठी तीस वर्षांचा कालखंड ठरवला आहे आणि सध्या १९९१ ते २०२० ही वर्षे आधारभूत धरली जातात.

हवा किती लहरी असते हे मुंबईने २६ जुलै २००५ रोजी पाहिले. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, सुमारे ७३ मिलिमीटर. हवामानाचा स्वभाव याहून स्थिर असतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर घाट उतरून वाईला आले की तो हजाराच्याही आत येतो, आणि हे दरवर्षीचे असते. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हणही मला हवामानाचीच नोंद वाटते. ऑक्टोबरच्या अखेरीस पडलेला पाऊस रब्बीच्या ज्वारीला लाभतो, हे एका वर्षात कुणाला कळलेले नाही. पर्जन्यमापक नसताना शेतकऱ्यांनी अनेक पिढ्यांची सरासरी तोंडपाठ करून ठेवली होती.

हवामान बदल म्हणजे हे मानच आपल्या जागेवरून सरकणे. ते पूर्वीही सरकले आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत पाच-सहा अंशांनी कमी होते आणि तेवढ्यानेच समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेला होता. म्हणून ‘एक-दीड अंशाने काय होते’ हा प्रश्न ऐकला की मला अस्वस्थ व्हायला होते. वातावरणातील हरितगृह वायू उष्णता अडवून धरत नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश असते. ते १५ अंशांच्या आसपास आहे हे त्यांचेच देणे. अडचण त्यांच्या वाढीची आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० वरून ४२० च्या पुढे नेले. ही तापमानवाढ सूर्यामुळे असती तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्यावरचा स्थितांबर थंड होतो आहे.

२०२४ हे वर्ष १८५० ते १९०० या काळाच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक उष्ण ठरले. मात्र २०१५ च्या पॅरिस करारातील दीड अंशाची मर्यादा दीर्घकालीन सरासरीसाठी आहे, त्यामुळे एका वर्षावरून ती ओलांडली असे म्हणता येत नाही. हा नियम थंडीच्या चार दिवसांना लागतो, तसा उष्ण वर्षालाही लागला पाहिजे.

आपल्याला सर्वांत जवळून भिडणारा बदल पावसाच्या वाटणीतला आहे. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. ते बाष्प मोकळे होते तेव्हा सर धो-धो कोसळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या विस्तृत पट्ट्यात अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणून ‘यंदा सरासरीइतका पाऊस’ ही बातमी खरी असूनही शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही, असे घडू शकते. शंभर मिलिमीटर पाऊस आठवडाभर रिमझिम पडला तर जमिनीत मुरतो आणि विहिरीला पाझर फुटतो. तोच एका दुपारी कोसळला तर बांध फोडून वरची कसदार माती घेऊन ओढ्याला जातो, आणि पुढे तीन आठवडे उघडीप राहिली की त्याच शेतातले सोयाबीन माना टाकते. पर्जन्यमापकाच्या वहीत महिनाअखेरची बेरीज दोन्ही वेळा शंभरच भरते.