नव्या प्राणिप्रजातीला व्यक्तीचे नाव : पात्रता, कागदपत्रे आणि हमखास अडणाऱ्या जागा

नव्या प्रजातीला आपल्या गुरूंचे नाव द्यायचे आहे, तर अर्ज कोठे करावा, असे अनेकजण विचारतात. असा अर्ज नसतो आणि नाव मंजूर करणारे कार्यालयही नसते. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या अटी पाळून वर्णन प्रसिद्ध झाले की नाव ‘उपलब्ध’, म्हणजे शास्त्रीय नाव म्हणून ग्राह्य, मानले जाते. वर्णन करणाऱ्याकडे पदवी हवी किंवा सन्मानित व्यक्ती हयात हवी, अशी अट नाही. स्वतःचेच नाव देण्यास संहितेत स्पष्ट बंदी नाही. तरीही तो मोह टाळावा.

बहुतेकांचे घोडे अडते ते नमुन्यापाशी. १९९९ नंतरच्या नावासाठी सहसा होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर ते नाव कायमचे अवलंबून असते तो, स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे हे लेखातच सांगावे लागते. त्याशिवाय भारतात जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या शोधाची माहिती नियुक्त संग्रहसंस्थेला देऊन नमुना तेथे जमा करावा लागतो. घरच्या बाटलीतला नमुना आणि उत्तम छायाचित्रे एवढ्यावर भागत नाही. संस्थेकडून नोंदणी क्रमांक येईपर्यंत संपादक थांबत नाहीत, आणि साधी पोच देण्यास इतका विलंब का व्हावा, हे कोणी सांगत नाही. म्हणून लेखनाआधीच पत्रव्यवहार सुरू करावा. संरक्षित क्षेत्रातील नमुन्यासाठी वनखात्याची परवानगी गोळा करण्यापूर्वीची असावी.

लेख केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणार असेल, तर प्रसिद्धीपूर्वी झूबँकमध्ये, म्हणजे प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, त्याची नोंद करून तिचा पुरावा आणि प्रसिद्धीची तारीख लेखातच छापावी लागते. झूबँकचा क्रमांक म्हणजे मंजुरी, हा गैरसमज फार पसरलेला आहे.

नावाची घडण सोपी, पण चुका तेथेच होतात. पुरुषाच्या नावापुढे ‘ई’, स्त्रीच्या नावापुढे ‘ए’, अनेक पुरुषांच्या किंवा मिश्र गटाच्या नावापुढे ‘ओरम’ आणि केवळ स्त्रियांच्या गटासाठी ‘आरम’ असे लॅटिन प्रत्यय लागतात. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातील उड्या मारणाऱ्या कोळ्याला इशियस तुकारामी हे नाव मिळाले, ते याच नियमाने. मॅरेंगो सचिनतेंडुलकर या कोळ्याच्या नावाला मात्र प्रत्यय नाही, कारण नाव आहे तसे जोडण्याचीही मुभा आहे.

वर्णनाआधी वृत्तपत्रात नाव जाहीर करण्याची घाई करू नये. वर्णनाशिवाय छापलेल्या नावाला अग्रक्रम मिळत नाही, आणि तेवढ्या काळात दुसऱ्या कोणी त्याच प्रजातीचे रीतसर वर्णन केले, तर त्यांचेच नाव टिकते.