इंजिन बेअरिंग : निवड आणि जोडणी

मोटारीचा क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ज्या आधारांवर फिरतो तिथे आणि पिस्टनला त्याच्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकात बसवायची, प्रत्येकी दोन अर्ध्या कड्यांची पातळ बेअरिंग. आधारांवरची ती मेन, रॉडमधली बिग एंड. यांत बहुधा गोळ्या किंवा रोलर नसतात. क्रँकचा गुळगुळीत गोल भाग, म्हणजे जर्नल, फिरताना ऑइल ओढून घेतो आणि त्याच्या पाचरीसारख्या थरावर तरंगतो. धातूला धातू लागतो तो मुख्यतः इंजिन सुरू किंवा बंद होताना.

त्यामुळे निवडीत सगळा हिशेब जर्नल आणि बेअरिंगमधल्या फटीचा. ढोबळमानाने ती जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग धरतात, म्हणजे 50 मिमी व्यासाला सुमारे 0.05 मिमी, अखेरचा आकडा मात्र त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. फट कमी पडली की थर तुटतो आणि इंजिन जाम होऊ शकते. जास्त झाली की ऑइल कडेने निसटते, दाब उतरतो, ठोका ऐकू येतो.

जुन्या बेअरिंगच्या पाठीवर ‘स्टँडर्ड’ (मूळ माप) वाचून तशीच जोडी मागवणे सर्रास चालते. तो शिक्का मागच्या वेळी काय बसवले होते एवढेच सांगतो. जर्नल आज किती झिजले आहे ते मायक्रोमीटरच सांगतो, आणि तोही दोन-तीन ठिकाणी, आडवा-उभा लावला तरच. जर्नल लंबगोल किंवा चरे पडलेले असेल, तर ते ग्राइंड करून 0.25 किंवा 0.50 मिमी अंडरसाइज, म्हणजे तेवढ्याने बारीक झालेल्या जर्नलसाठीची, बेअरिंग घेतात. जुनी बेअरिंग लगेच फेकू नयेत. त्यांवरचे चरे ऑइलमधल्या कचऱ्याची, तर तिरकी झीज वाकलेल्या रॉडची शक्यता दाखवते.

जोडताना बेअरिंगची पाठ व बैठक कोरडी, स्वच्छ हवी. ऑइल फक्त आतल्या बाजूला. कडेची जीभ केवळ जागा दाखवते. पकड येते ती कडा बैठकीच्या किंचित वर राहून कॅप (बैठकीचा बोल्टने बसणारा सुटा अर्धा भाग) आवळल्यावर दाबली जाते म्हणून. ती कड कानशीने घासणे हा शुद्ध अडाणीपणा. मेनचा खाचेचा, भोकाचा अर्धा भाग सहसा ब्लॉकच्या बाजूला येतो. भोके जुळली नाहीत तर ऑइलच पोचत नाही. कॅपची अदलाबदल चालत नाही, दिशाही बदलायची नाही.

फट तपासायला कोरड्या जर्नलवर प्लॅस्टिगेजचा (दाबला की चपटणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या धाग्याचा) तुकडा ठेवून कॅप ठरल्या टॉर्कला, म्हणजे ठरल्या पिळाला, आवळतात, क्रँक न फिरवता सोडतात आणि चपटलेल्या पट्टीच्या रुंदीवरून फट मोजतात. ऑइल लावून अंतिम जोडणी करताना दर कॅपनंतर क्रँक हाताने फिरवावा. ज्या कॅपला तो जड झाला, ती तिथेच उघडावी.