दाणा चिकात असतानाच

टिश्यू कल्चर म्हटले की केळी आणि ऑर्किड आठवतात. गहू, भात, मका यांची रोपे बाटलीत वाढवून शेतात लावायची गरज कोणाला पडत नाही, कारण पेरणीसाठी दाणा आहेच आणि त्याहून स्वस्त काही नाही. तरीही या पिकांच्या ऊतीसंवर्धनामागे, म्हणजे टिश्यू कल्चरमागे, शास्त्रज्ञांनी कित्येक दशके घालवली. पेशीत नवे जनुक घालायचे असो की असलेल्या जनुकात दुरुस्ती करायची असो, बदललेल्या त्या एका पेशीपासून अख्खे रोप उभे राहिले नाही, तर सगळी मेहनत पेट्री डिशमध्येच संपते. आणि हे रोप उभे करणे तृणधान्यांच्या बाबतीत फार जड गेले.

वनस्पतीची जिवंत पेशी वेगळी काढून तिला योग्य पोषण दिले तर तिच्यापासून पूर्ण वनस्पती घडू शकेल, हा विचार ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडला. त्यांच्या पेशी जगल्या, आकाराने वाढल्या, पण विभागल्या नाहीत. पुढे १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर दाखवून दिले की ऑक्झिन आणि सायटोकायनिन या दोन संप्रेरकांचे प्रमाण बदलले की त्याच पेशींतून कधी मुळे फुटतात, तर कधी कोंब. १९५८ मध्ये गाजराच्या पेशींपासून भ्रूण तयार झाले. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांचे पोषक माध्यम आले, ते आजही जगभर वापरात आहे. आता बाकीची पिकेही रांगेने येतील असे वाटत होते. तृणधान्ये मात्र आली नाहीत.

तंबाखूच्या पानाचा तुकडा माध्यमावर ठेवला की कापलेल्या कडेच्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि पेशींचा एक ओबडधोबड गोळा तयार होतो. त्याला कॅलस म्हणतात. गव्हाच्या पूर्ण वाढलेल्या पानाचा तुकडा ठेवला तर त्याची कड तपकिरी पडते आणि तुकडा मरतो. गवताच्या कुळातल्या पेशी फार लवकर प्रौढ होतात आणि एकदा प्रौढ झाल्या की सहसा मागे फिरत नाहीत. त्यातून द्विदल झाडांच्या खोडात असते तशी कायम विभागणारी पेशींची पट्टीही यांच्यात नसते. त्यामुळे माध्यमात काय घातले याला मर्यादित महत्त्व होते. पेशी कुठल्या वयात उचलली, हा खरा प्रश्न होता.

१९७५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ग्रीन आणि फिलिप्स यांनी मक्याच्या कोवळ्या भ्रूणांपासून कॅलस वाढवले आणि त्यातून पूर्ण रोपे मिळवली. त्यानंतर गहू, बार्ली, बाजरी, ज्वारी सगळीकडे लक्ष कोवळ्या भ्रूणाकडे वळले.

हे काम जवळून पाहण्यासारखे असते. परागण झाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी गव्हाचा दाणा चिकात असतो. दाबला तर पांढरा द्रव बाहेर येतो. दाणे निर्जंतुक करून लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोतातल्या कपाटात, सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने आणि पात्याने उघडतात आणि आतला जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा भ्रूण अलगद बाहेर काढतात. त्याच्या एका बाजूला ढालीच्या आकाराचे बीजपत्र असते. ती बाजू वर राहील असा तो माध्यमावर ठेवायचा. उलटा पडला तर तो सरळ अंकुरायला लागतो आणि कॅलसचे काम बिघडते. चार-पाच दिवस उशीर झाला तरी भ्रूण मोठा आणि जून होतो, मग प्रतिसाद झपाट्याने घसरतो. म्हणून या प्रयोगशाळांचे वेळापत्रक हरितगृहातल्या ओंब्या ठरवतात.

माध्यमात लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम २,४-डी घालतात. हे तेच तणनाशक, जे धान्याच्या शेतात रुंद पानांचे तण मारायला फवारतात. इतक्या अल्प मात्रेत ते ऑक्झिनसारखे काम करते आणि भ्रूणाला अंकुरू न देता विभागत ठेवते. काही आठवडे अंधारात ठेवल्यावर दोन प्रकारचा कॅलस दिसतो. एक पाणचट आणि मऊ, ज्यातून सहसा काहीच निघत नाही. दुसरा मलईच्या रंगाचा, घट्ट, गाठीगाठींचा. तोच उचलून पुढे न्यायचा. ही निवड अनुभवी नजरेनेच होते. मग २,४-डी काढून टाकून उजेड दिला की त्या गाठींवर हिरवे ठिपके येतात आणि कोंब फुटतात. फ्लोरिडा विद्यापीठातील इंद्रा वासिल आणि विमला वासिल यांनी १९८० च्या सुमारास बाजरीवर दाखवले, की या गाठी म्हणजे कायिक (प्रजननाच्या नसलेल्या, साध्या) पेशींपासून तयार झालेले भ्रूणच असतात, बीजातल्या भ्रूणासारखे. याच गटाने १९९२ मध्ये जनुक घातलेला गहू तयार केला.

परागकणांची वाट याहून वेगळी आहे. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशातून गुणसूत्रांचा एकच संच असलेले भ्रूण मिळवले. १९६८ मध्ये जपानमध्ये भातात ते साधले. अशा रोपाची गुणसूत्रे कॉल्चिसिन या रसायनाने दुप्पट केली की एका पिढीत पूर्ण शुद्ध वाण हाती येतो, एरवी त्यासाठी पाच-सहा पिढ्या जातात. अडचण एकच, पण छळणारी: तृणधान्यांत यातली बरीच रोपे पांढरीफटक निघतात. हरितद्रव्य नसल्याने ती बाटलीबाहेर जगू शकत नाहीत.

सर्वांत मोठा अडसर वाणाचा आहे. मक्यात ए १८८, गव्हात फील्डर, बार्लीत गोल्डन प्रॉमिस असे मोजकेच वाण चांगला प्रतिसाद देतात आणि भाताच्या दोन मुख्य प्रकारांतही जॅपोनिकापेक्षा इंडिका हट्टी आहे. शेतकऱ्याला हवा असलेला वाण बहुधा या यादीत नसतो. मग बदल सोयीच्या वाणात करायचा आणि पुन्हा पुन्हा संकर करून हव्या त्या वाणात आणायचा, यात वर्षे जातात. २०१६ मध्ये बेबी बूम आणि वुशेल-२ ही वनस्पतीच्या वाढीचे नियंत्रण करणारी दोन विकासजनुके वापरून मक्याच्या अडून बसलेल्या वाणांतूनही रोपे मिळाली, पण ती जनुके नंतर काढून टाकावी लागतात, नाहीतर रोप विकृत वाढते. २०२० मध्ये गव्हातलीच जीआरएफ-४ आणि जीआयएफ-१ ही दोन जनुके जोडून वापरली, तेव्हा रोपे मिळण्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. ती रोपे सुदृढ होती, त्यांना दाणेही भरले आणि जोडजनुक काढून टाकण्याची गरज पडली नाही.