मुंबईचा हेरिटेज कायदा: फोर्ट वाचला, गिरगाव-परळचं काय?

एखादी जुनी इमारत पाडायची वेळ आली की दरवेळी तोच वाद सुरू होतो, हेरिटेज आहे का, असेल तर ग्रेड कुठली, आणि मग रहिवासी एकीकडे, बिल्डर दुसरीकडे, हेरिटेज कमिटी तिसरीकडे. हे सगळं कुठून सुरू झालं ते माहीत असेल तर आजचे अर्धे वाद नीट कळतात, म्हणून लिहितोय.

इंग्रजांनी १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांचा कायदा केला, स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये केंद्राचा आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा कायदा आला. पण हे सगळे कायदे लेणी, किल्ले, देवळं अशा स्मारकांसाठी. ज्या इमारतीत लोक राहतात, खाली दुकान आहे, वर वकिलाचं ऑफिस आहे, ती यात कुठेच बसत नव्हती. बघा ना, मुंबईचा बराचसा देखणा भाग असाच वापरातला आहे. दादाभाई नौरोजी रोडवर सीएसएमटीकडून फाउंटनकडे चालत जा, भर पावसातही बऱ्यापैकी कोरडे राहाल, कारण १८९६ मध्ये सरकारने तिथे नियमच केला होता की प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर फुटपाथच्या वर कमानींचा ओवरा ठेवायचा. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या, घडण वेगळी, पण ओवरा सलग. शहराने नियम केला की काय होऊ शकतं ते तिथे अजून दिसतं.

ऐंशीच्या दशकात जुने बंगले धडाधड पडायला लागले तेव्हा काही नागरिक संस्था आणि आर्किटेक्ट मंडळी मागे लागली. वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली होती, बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप होता, या लोकांनी गल्लोगल्ली फिरून याद्या केल्या. त्यातून एप्रिल १९९५ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत ६७ नंबरचा नियम आला, सहाशेच्या वर वास्तू आणि परिसरांची यादी जाहीर झाली आणि सल्ला द्यायला मुंबई हेरिटेज संवर्धन समिती बसली. शहराच्या पातळीवर असा नियम करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. ग्रेड १ म्हणजे जवळजवळ हात लावायचा नाही, २ए आणि २बी मध्ये आतले बदल चालतात, ग्रेड ३ सगळ्यात सैल. आणि समिती फक्त सल्ला देते, परवानगी शेवटी पालिका आयुक्तांची.

आता खरी गोम. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतर महागाई आणि घरटंचाई होती, भाडेकरूला आधार हवाच होता, त्यात चुकीचं काही नव्हतं. पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि पन्नास वर्षं वाढतच गेला, भाडं तेवढंच, दुरुस्तीचा खर्च मात्र शंभरपट. मालकाने लक्ष सोडलं, पागडीवर, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे घेऊन, खोल्या फिरत राहिल्या, छप्पर गळायला लागलं. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, इमारतींवर दुरुस्तीसाठीचा कर म्हणजे सेस बसला, अशा सेस इमारती १९ हजारांच्या वर होत्या, मंडळ टेकू लावून लावून किती पुरं पडणार?

मग १९९९ मध्ये त्याच नियमावलीच्या ३३(७) या नियमाखाली सेस इमारतींच्या पुनर्विकासाला जास्त एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर जास्त बांधकाम, मिळालं, आणि त्याच वर्षी ग्रेड ३ आणि हेरिटेज परिसरातल्या सेस इमारतींना हेरिटेज समितीकडे जाण्यातून सूट दिली गेली. मला वाटतं या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच. कारण गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, ठाकूरद्वार इथल्या लाकडी सज्जाच्या चाळी आणि वाड्या ज्या यादीत आल्या त्या बहुतेक ग्रेड ३ मध्येच, आणि त्याच सेसच्या. म्हणजे फोर्टातल्या सरकारी आणि कंपन्यांच्या दगडी इमारती सुरक्षित राहिल्या आणि सामान्य माणसाची मुंबई चार वर्षांत उघडी पडली.

खोताची वाडी बघा. गिरगावात मॅजेस्टिककडून आत वळलं की दोन माणसं जेमतेम जातील अशी गल्ली, बाहेरून लाकडी जिना, पुढे पडवी, वर कौलं, दाराशी क्रॉस. ईस्ट इंडियन कुटुंबांची ही घरं, जमीन खोतांची म्हणून नाव खोताची वाडी. कधीकाळी साठ-पासष्ट घरं होती म्हणतात, आता त्याच्या निम्मीही नाहीत, आणि उरलेल्यांच्या डोक्यावर टॉवर उभे आहेत. परिसर यादीत असूनही हे झालं.

परळकडच्या कापड गिरण्यांचं तर वेगळंच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, १९९१ च्या नियमावलीत जमिनीचे तीन वाटे ठरले, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाला, घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलून वाटणी फक्त आधीच बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये निकाल मालकांच्या बाजूने लागला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, चिमणी तेवढी राहिली.

२०१२ मध्ये पालिकेने यादीत आणखी ९४८ वास्तू आणि परिसर घालायचा प्रस्ताव आणला, त्यात शिवाजी पार्कचा परिसरही होता, तेव्हा दादरचे रहिवासी प्रचंड चिडले. त्यांना हेरिटेज नको होतं असं नाही, भीती ही की ठप्पा लागला की पुनर्विकास अडकणार, गळकं घर तसंच राहणार आणि दुरुस्तीला पैसा कोणी देणार नाही. ही भीती खोटी म्हणता येत नाही. काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल, जिथे १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंचा चित्रपट दाखवला गेला, ती ग्रेड २ए आहे, लोखंडी सांगाडा इंग्लंडहून सुटा आणून इथे जोडलेला. तरी २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला आणि २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली.

त्याच्या एक वर्ष आधी, २०१८ मध्ये, ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या ९४ इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या, त्यासाठी नागरिकांनी वर्षानुवर्षं खपून काम केलं त्याचं मनापासून कौतुक आहे. पण इकडे इंग्रज सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, १९२० च्या दशकातल्या २०७ चाळी, १६० फुटांच्या खोल्या, कॉमन संडास. तिथल्या माणसाला ५०० फुटांचं घर मिळतंय तर मिळायलाच हवं. माझं म्हणणं इतकंच की एखादी चाळ गॅलरीसकट नीट राखा, आणि खोताच्या वाडीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबांना छपराच्या दुरुस्तीसाठी पालिकेच्या बजेटमध्ये दरवर्षी वेगळी रक्कम ठेवा, टीडीआरच्या, म्हणजे बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायच्या, कागदाने कौलं बदलली जात नाहीत.