पाणी किती खोल, त्यावर पक्षी कोणता

इंग्लंडमधल्या वूस्टरशर परगण्यात ड्रॉइटविच आणि ब्रॉम्सग्रोव्ह या गावांच्या मधे अप्टन वॉरन नावाचं खेडं आहे. तिथल्या पाणथळ राखीव क्षेत्रात दोन प्रकारची तळी आहेत. मूर्स तळ्यांचं पाणी गोडं आणि काठाला बोरू दाट. फ्लॅशेस नावाच्या तळ्यांचं पाणी मात्र खारट, उथळ, काठ उघडे आणि चिखलाचे. समुद्र इथून कितीतरी दूर आहे, तरी खारट. कारण जमिनीखाली आहे. या भागात खडकांत मिठाचे जाड थर आहेत आणि ड्रॉइटविचला रोमन काळापासून मीठ काढलं जात होतं. खालचं खारं पाणी उपसलं की मीठ विरघळत जातं, पोकळी होते आणि वरची जमीन खचते. खचलेल्या जागी साचलेलं पाणी म्हणजेच फ्लॅशेस.

एकाच फेरीत ही दोन्ही तळी चालून बघितली तर पक्षी पार वेगळे दिसतात. गोड्या तळ्यावर वारकरी, शेंडी बदक, मोठी शेंडीवाली टिबुकली आणि बोरूत गाणारे वटवटे. खाऱ्या तळ्यावर टिटव्या, तुतवार, आणि मार्च ते जुलै या काळात उचाट. काळा-पांढरा, निळसर पायांचा, टोकाला वर वळलेल्या चोचीचा हा पक्षी आपल्याकडे हिवाळ्यात भिगवण-उरणला येतो. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात त्याची वीण थांबली होती. दुसऱ्या महायुद्धात शत्रू उतरू नये म्हणून सफोकच्या किनाऱ्यावरची कुरणं मुद्दाम पाण्याखाली घालण्यात आली. तिथे मिन्समिअरला, आणि जवळच्या हॅव्हरगेट बेटावर, १९४७ साली उचाट पुन्हा अंडी घालू लागला. पुढची अनेक वर्षं तो किनाऱ्याचाच पक्षी राहिला. २००३ साली त्याने इतक्या आत, अप्टन वॉरनच्या मिठाच्या तळ्यावर घरटं केलं.

मीठ हे त्यातलं एक कारण झालं. त्याहून मोठं कारण खोलीचं. उचाटाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांत स्वतःच टिपून खायला लागतात, आई-बाप भरवत नाहीत. पिल्लाचे पाय चिमुकले, म्हणून त्याला दोन-तीन सेंटिमीटर पाणी आणि मऊ चिखल लागतो. मे महिन्यात जोराचा पाऊस लागला आणि पाणी एका वितीने चढलं की घरटी बुडतात आणि पिल्लांचं जेवणाचं ताटही बुडतं.

म्हणून नदी-तळ्याकाठी पक्षी बघायला निघालात तर आधी पाणी वाचायला शिका, पुस्तकातली चित्रं नंतर. ओल्या चिखलावर, शून्य खोलीत, चिखल्या आणि टिटव्या. पायाचा घोटा बुडेल एवढ्या पाण्यात तुतवार जातीचे पक्षी. दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत चक्रांग आणि थापट्या ही बदकं, पाण्याचा वरचा थर चोचीने गाळत. हातभर पाण्यात मॅलार्ड बदकं डोकं खाली आणि शेपूट वर करून तळ चाचपतात. त्याच पद्धतीने हंस लांब मानेमुळे मीटरभरापर्यंत पोचतो. एक मीटरच्या पुढे बुडी मारणाऱ्यांचं राज्य: लालसरी, शेंडी बदक, टिबुकल्या, पाणकावळे. राखी बगळा काठाच्या गुडघाभर पाण्यात. या आकड्यांत थोडं मागेपुढे होतं, पण क्रम सहसा बिघडत नाही. लांबवर पाठमोरं करड्या रंगाचं बदक दिसलं आणि ते बुडी मारून गेलं, तर अर्ध्या जाती तिथेच गळतात.

काठावर उभं राहून खोली ओळखायला पक्षीच मदत करतात. हंस मान बुडवून खात असेल तर तिथे मीटरच्या आतलं पाणी. टिटवी तळ्याच्या मध्यात उभी दिसली तर तिथे उंचवटा आहे, आणि दुर्बीण पहिल्यांदा तिथेच लावायची.

दुर्बिणीवर ८ × ४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते: ८ × ४२ मध्ये सव्वापाच मिलिमीटर, १० × ४२ मध्ये ४.२. इंग्लंडमधल्या हिवाळ्याच्या ढगाळ सकाळी हा फरक जाणवतो. शिवाय दहा पटीत हाताचा कंपही दहा पट होतो आणि दिसणारं वर्तुळ लहान होतं, त्यामुळे नदीवरून बाणासारखा जाणारा पक्षी सापडतच नाही. नदीसाठी आठ पटच घ्यावी. मोठ्या तळ्यासाठी तिवईवरचा टेलिस्कोप, २० ते ६० पटीचा. पण वाऱ्यात किंवा तापलेल्या पाण्यावरून बघताना ४० पटीच्या पुढे सगळं थरथरतं, तेव्हा ३० वरच थांबलेलं बरं. नवी दुर्बीण हाती आली की आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करायचं, मग डावी झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवायची. हे एकदाच करायचं असतं आणि बहुतेक जण करत नाहीत. मग दुर्बिणीने डोकं दुखतं अशी तक्रार होते.

उभं कुठे राहायचं, तेही आधी ठरवावं. सूर्य पाठीशी हवा. सकाळी तळ्याच्या पूर्व काठावरून पश्चिमेकडे, संध्याकाळी उलट. वूस्टरशर सुमारे ५२ अंश अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंशांवर असतो, आणि तोही दक्षिणेला. त्या दिवसांत उत्तर काठावर उभं राहिलात तर पाण्याच्या चकाकीत सगळी बदकं काळी दिसतात. हिवाळ्यात दक्षिण काठ धरावा.

आता वाहत्या पाण्याकडे. इंग्लंडच्या सखल भागातल्या नदीवर सगळे ज्याची वाट बघतात तो खंड्या आपल्या ओढ्यांवर दिसणारा लहान खंड्याच आहे. शास्त्रीय नाव तेच, आल्सेडो अ‍ॅटथिस. वजन सुमारे चाळीस ग्रॅम. तो न दिसण्याचं मुख्य कारण म्हणजे लोक झाडाकडे बघत राहतात. त्याची आधी शीळ ऐकू येते, बारीक, धारदार ‘ची’. ती ऐकली की नजर लगेच पाण्याच्या पृष्ठभागावर न्यायची, कारण तो पाण्यापासून मीटरभर उंचीवरून सरळ रेषेत जातो. नंतर पाण्यावर वाकलेल्या फांद्या एकेक करून बघायच्या. खालची चोच नारिंगी असेल तर मादी, दोन्ही काळ्या असतील तर नर. पाठीवरचा झगझगीत निळा पट्टा हा रंगद्रव्याचा रंग नाही. पिसांच्या आतल्या अतिसूक्ष्म जाळीदार रचनेवर प्रकाश विखुरतो म्हणून तो निळा दिसतो.

मासा पकडल्यावर तो फांदीवर आपटून घेतो. यानंतरची गोष्ट बारकाईने बघण्यासारखी. स्वतः खायचा असेल तर माशाचं डोकं स्वतःच्या घशाकडे वळवतो, म्हणजे खवले आणि काटे उलटे अडकत नाहीत. डोकं चोचीच्या टोकाकडे, बाहेरच्या दिशेला ठेवलं असेल तर तो मासा दुसऱ्यासाठी आहे, जोडीदारासाठी किंवा पिल्लांसाठी. असा मासा तोंडात धरून खंड्या फांदीवर नुसता मान खालीवर करत बसला आणि उडेना, तर तुम्ही घरट्याच्या फार जवळ आहात. बिळं नदीच्या उभ्या मातीच्या काठात साठ ते नव्वद सेंटिमीटर खोल असतात आणि आत सहा-सात पिल्लं. एकेका पिल्लाला दिवसाला बारा ते अठरा मासे लागतात. अर्धा तास तुम्ही तिथे उभे राहिलात तर तेवढ्या फेऱ्या बुडाल्या. ताबडतोब मागे फिरावं. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार घरट्याशी असलेल्या खंड्याला जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने त्रास देणं हा तिथे गुन्हा आहे, आणि फोटोची हौस हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही.

खळाळत्या पाण्यावर, जुन्या पाणचक्कीच्या बांधाजवळ, लांब शेपटी हलवत फिरणारा पिवळ्या पोटाचा पक्षी दिसला की नवखे लोक पिवळा धोबी म्हणून नोंद करतात. तो बहुतेक वेळा करडा धोबी असतो. पाठ राखाडी, शेपटी फारच लांब. महिना तपासावा: पिवळा धोबी हिवाळ्यात इंग्लंडमध्ये नसतोच, आफ्रिकेत असतो. करडा वर्षभर तिथेच. वेल्समधून येऊन सेव्हर्न नदीला मिळणाऱ्या टीम नदीवर लडलो गावाच्या आसपास डिपर नावाचा पक्षी भेटतो: गोलमटोल, तपकिरी, छाती शुभ्र. तो चक्क प्रवाहाखाली जाऊन दगडांमधल्या अळ्या वेचतो. पाणी प्रदूषित किंवा आम्लधर्मी झालं की या अळ्या संपतात आणि डिपरही जातो.

इंग्लंडमधली अनेक ‘नैसर्गिक’ तळी माणसानेच खोदलेली आहेत, आणि यात खट्टू होण्यासारखं काही नाही. युद्धानंतर रस्ते आणि घरांसाठी नद्यांच्या खोऱ्यांतून वाळू-खडी उपसली गेली आणि खड्डे पाण्याने भरले. कंठेरी चिखल्या, डोळ्याभोवती पिवळी कडी असलेला आपल्या नदीपात्रांतला पक्षी, ब्रिटनमध्ये पहिल्यांदा १९३८ साली हर्टफर्डशरमधल्या ट्रिंगच्या जलाशयावर विणला आणि पुढे या खडीच्या खाणींमधूनच देशभर पसरला. त्याला उघडी खडी लागते. पण खाण बंद पडली की तीन-चार वर्षांत वाळुंज उगवतात, खडी झाकली जाते आणि चिखल्या निघून जातो. त्याच जागी मग बोरूतले वटवटे येतात. चिखल्या हवा असेल तर दर हिवाळ्यात झुडपं मुळासकट काढावी लागतात, नुसती कापून चालत नाही, कारण कापलेला वाळुंज दुप्पट फुटतो. आणि बांधाच्या फळ्या काढून उन्हाळ्याच्या शेवटी पाणी हळूहळू उतरवावं लागतं, म्हणजे परतीच्या पक्ष्यांना ताजा चिखल मिळतो.

हे परतीचे पक्षी फार लवकर येतात. हिरवी तुतारी जूनच्या शेवटालाच उत्तरेकडून इंग्लंडच्या तळ्यांवर उतरते. काठावरून अचानक उठणारा, वरून काळपट आणि कंबरेवर शुभ्र पांढरा पक्षी दिसला की तीच. नेहमीचा तुतवार मात्र पाण्याला चिकटून, ताठ पंखांनी थबकत थबकत उडतो आणि त्याची कंबर पांढरी नसते. जुलै-ऑगस्टात आणखी एक घोटाळा होतो: मॅलार्डचे सगळे नर गायब झालेले दिसतात. ते तिथेच असतात. पंखांची पिसं एकदम झडल्यामुळे त्यांना तीन-चार आठवडे उडता येत नाही, आणि त्या काळात ते मादीसारखा तपकिरी वेष घेतात. चोच बघावी. नराची पिवळसर हिरवी राहते, मादीची नारिंगी-तपकिरी.

पण एकदा बघून आलेल्या पक्ष्यांपेक्षा तीच जागा महिन्यामागून महिना मोजत राहण्याला खरी किंमत आहे. ब्रिटनमध्ये बगळ्यांच्या वसाहती १९२८ पासून मोजल्या जातात. पाणबदकांची राष्ट्रीय गणना १९४७ ला सुरू झाली आणि आज तिच्यात तीन हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत. अशा मोजणीतून काय हाती येतं ते हंसांनी दाखवलं. १९७० च्या दशकात टेम्स नदीवर आणि स्ट्रॅटफर्डजवळ एव्हन नदीवर म्यूट स्वान जातीचे हंस झपाट्याने घटले. मेलेल्या हंसांच्या पोटात गळाला लावायची शिशाची वजनं सापडली. हंस अन्न दळायला बारीक खडे गिळतात, त्यांत ही वजनंही गिळली जात होती. शिशाने स्नायू लुळे पडत आणि मानेला पाठीवर टेकलेला बाक येई. १९८७ पासून बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली आणि संख्या पुन्हा वाढू लागली.

मोजायला फार काही लागत नाही. महिन्यातला एक ठरावीक रविवार, तोच रस्ता, तीच वेळ. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशावर हिरव्या तुटक रेषा सार्वजनिक पायवाटा दाखवतात. त्या सोडून शेतात शिरू नये आणि फाटक जसं मिळालं तसंच ठेवावं. तळ्याच्या एका टोकापासून सुरुवात करून एका वेळी एकच जात मोजायची, मोठा थवा दहा-दहाच्या गटांनी. उडून गेलेल्यांची दिशा लिहायची, म्हणजे पुढच्या तळ्यावर तेच पुन्हा मोजले जात नाहीत. वारकरी आणि शेंडी बदकं बुडी मारतात, म्हणून त्यांना दोनदा मोजून मोठा आकडा घ्यायचा. आणि खंड्या दिसला नाही तर त्याच्यापुढे ठळक शून्य लिहायचं. १९६२-६३ च्या हिवाळ्यात नद्या गोठल्या आणि इंग्लंडचे बहुतेक खंड्ये उपासमारीने मेले. तो फटका किती मोठा होता आणि ते कधी सावरले, हे अशा शून्यांच्या नोंदींमधूनच मोजता येतं.